आबाचा खांब आणि माझा आकडा

एक लोखंडी खांब. बुडाशी सिमेंटचा ठोकळा, माथ्यावर साठ सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्रा, तो पकडून ठेवणारे चार बोल्ट. पांढऱ्या पत्र्याभोवती लाल कडे आणि मधोमध काळा आकडा: तीस. ज्या दिवशी मला रस्त्याकडेला रोवले, त्या दिवशी तेथे एवढेच होते. नारळ नव्हता, शेंदूर नव्हता, हार नव्हता. रस्त्याचे काम पाहणारे साहेब मागे मागे चालत गेले, थांबले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सोबतच्या माणसाकडून टेप धरवून घेतला. साठ मीटरवरून माझा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

मित्रांनो, ती पाटी म्हणजे मी. भडगावहून चाळीसगावकडे जाताना बोरपाट नावाचे छोटे गाव लागते, तेथे नाल्यावरचा पूल ओलांडला की रस्ता डावीकडे वळतो. त्या वळणाच्या तोंडाशी, कडुनिंबासमोर, मी आठ वर्षांपासून उभी आहे. गावात मला कोणी पाटी म्हणत नाही. सगळे मला ‘आबाचा खांब’ म्हणतात. माझ्या दुःखाचे मूळ या नावातच आहे.

माझा जन्म जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये झाला. पत्रा कापण्याच्या यंत्राखालून मी गोल होऊन बाहेर पडले. एका बाईने माझ्यावर चकाकणारा कागद चिकटवला आणि फडक्याने दाबून त्यातील हवेचा एक एक बुडबुडा बाहेर काढला. माझ्या शेजारी ‘पुढे शाळा आहे’ अशी एक त्रिकोणी पाटी वाळत होती. तिच्यावर दोन पळणारी मुले होती. मला तिचा हेवा वाटे. तिच्यावर चित्र होते, माझ्यावर नुसता आकडा. पुढे आम्हाला एकाच टेम्पोत घातले आणि ती पाचोऱ्याच्या बाजूला कोठेतरी उतरली. तिचे काय झाले, मला ठाऊक नाही.

मला बोरपाटला आणले, कारण तेथे एक माणूस गेला होता. जीवरामआबा सायकलला दुधाच्या किटल्या लावून रस्ता ओलांडत होते, तेव्हा केळी भरलेल्या एका गाडीने त्यांना उडवले. गाव चिडले. लोक रस्त्यावर बसले. त्यांत सर्वांत पुढे आबांचा पुतण्या होता, कुंदन. तेव्हा तो कॉलेजात होता. तो रस्त्यावर आडवा झाला आणि म्हणाला, “वळणावर वेगाची पाटी आल्याशिवाय मी उठणार नाही. गाडी घालायची तर घाला.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि पाठ डांबराने भाजत होती. मी हे पाहिलेले नाही. पण ही गोष्ट माझ्या पायाशी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मला ती पाठ आहे.

मी आले, आणि माझ्यापुढे बावीस मीटरवर रस्त्यावर पांढरे पट्टे आले. कारण तेथूनच गाव दोन भागांत तुटते. एका बाजूला नवी वस्ती, दुसऱ्या बाजूला शाळा. वस्तीतली बावीस-पंचवीस लहान मुले रोज त्या पट्ट्यांवरून शाळेत जातात. आबांची बायको भिकुबाई शाळेत खिचडी शिजवते. गाव तिला अक्का म्हणते. आबा गेल्यावर तिने स्वतःहून एक काम अंगावर घेतले. सकाळी वस्तीतल्या मुलांना गोळा करायचे, पट्ट्यांवर उभे राहून हात वर करायचा, सगळी पार झाली की मग आपण जायचे. दुपारी तसेच उलट. ते काम तिला कोणी सांगितले नव्हते. पण त्या कामासाठी तिला फक्त एक मी लागत होते. मला पाहून गाडी हळू झाली, तरच तिच्या वर केलेल्या हाताला अर्थ होता.

पहिले काही महिने गाड्या खरोखरच हळू होत. कोणी जोरात आले, तर चहाच्या टपरीवरची माणसे ओरडत, “ओ भाऊ, पाटी दिसत नाही का?” मित्रांनो, तेवढे दिवस मी सुखात होते.

मग कुंदनने नवी पिकअप गाडी घेतली. लिंबू आणि भाजीपाला चाळीसगावच्या बाजारात पोहोचवायचा त्याचा धंदा. गाडी घरी नेण्याआधी तो माझ्यापाशी थांबला, खांबाला हळद-कुंकू लावले, नारळ फोडला आणि म्हणाला, “काका, लक्ष असू द्या.” त्याचे मन साफ होते. त्या हंगामात त्याचा धंदाही चांगला झाला. झाले. पुढच्या वर्षी तोतारामनाना सरपंचांचा ट्रॅक्टर आला, त्याचा नारळ माझ्या पायाशी फुटला. मग खताच्या दुकानवाले निर्मलकुमारशेठ नव्या मोटारीत बसून आले. शेठाणींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, उरलेले कुंकू मला लावले. हळूहळू रिवाजच पडला. बोरपाटला कोणतीही नवी गाडी आली की आधी आबाच्या खांबाचे दर्शन, मग घर. कोणीतरी शेंदूर लावला. कोणीतरी तेल वाहिले. तेलाचा ओघळ पत्र्यावरून ‘तीन’वर उतरला आणि त्यावर धूळ बसली. हार माझ्या वरच्या बोल्टला अडकवत, तो माझ्या तोंडावर लोंबे.

आणि नारळ फोडून झाला की तो माणूस गाडीत बसे आणि सत्तरने निघून जाई.

मला वाटे, खांबाला काय कळते? ते नुसते लोखंड आहे. सांगायचे जे आहे, ते माझ्यावर लिहिले आहे. पण लोक खांबाला डोके टेकवत, आणि टेकवलेल्या डोक्याला वरचा आकडा दिसत नाही.

फक्त अक्का वेगळी होती. दर शनिवारी ती शाळेतले रिकामे झालेले डबे घासून परतताना माझ्यापाशी थांबे, हार काढून बाजूला ठेवी आणि पदराने माझा पत्रा पुसे. ती खांबाला हात जोडत नसे. निर्मलकुमारशेठांनी एकदा विचारले, “अक्का, आबाला नमस्कार नाही करत?” ती म्हणाली, “आबाले घरी करस ना मी. आठे या खांबपाशी फक्त आकडा पुसस.”

गेल्या वर्षी वेग मोजणारी गाडी येऊन पुलापाशी उभी राहू लागली. तिच्या आतल्या यंत्राला ना आबा माहीत, ना नारळ. त्याला फक्त मी माहीत होते. गावातल्या गाड्यांचे फोटो निघाले आणि दंडाचे निरोप मोबाईलवर येऊ लागले. ज्या आकड्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्याच्यावर आता सारे गाव बोलू लागले. गाड्या हळू करा, असे कोणी म्हणाले नाही. आकडा वाढवा, असे सगळे म्हणाले.

ग्रामसभा बोलावली. पंचायतीचे पटांगण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि लाउडस्पीकर होता, म्हणून मला शब्द न शब्द ऐकू आला.

सर्वांत आधी उठला कुंदन. तोच, जो माझ्यासाठी डांबरावर झोपला होता.

“तीसने गाडी चालवायची तर बाजारात लिंबू पोहोचेपर्यंत त्याचं लोणचं होईल,” तो म्हणाला. लोक हसले. “मी घाई करा असं म्हणत नाही. पन्नास ठेवा. पन्नास म्हणजे काही वेग नाही.”

“म्हैस बी मांगून येईसन हॉर्न देस याले,” मागून कोणीतरी म्हणाले. पुन्हा हसू.

निर्मलकुमारशेठ शांत माणूस. ते म्हणाले, “माझं एवढंच म्हणणं आहे, गिऱ्हाईक तुटतंय. परवा भडगावचा एक जण म्हणाला, शेठ, तुमच्याकडे खत घ्यायला आलो आणि दंड घेऊन गेलो. आता तो गावाबाहेरून जातो. नियम असा असावा जो माणसाला पाळता येईल.”

“तीस पाळता येस नही का?” अक्काचा आवाज आला. “पाय उचला, बस.”

“अक्का, तुमचं बरोबर आहे,” शेठ म्हणाले, “पण कोणी पाळत नाही ना.”

तेव्हा शाळेतल्या मेघाताई उठल्या. त्या नव्या शिक्षिका, धुळ्याच्या. मुलांना विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, “भांडण कशाला? मोजून पाहू. कुंदनभाऊ, तुमचीच गाडी द्या, तुम्हीच चालवा.”

कुंदनला हे आवडले. सगळी सभा उठून रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. पट्ट्यांवर मेघाताईंनी शाळेच्या स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा डबा उभा केला. वळणाआडून पट्टे दिसत नाहीत; माझ्यापाशी आल्यावरच दिसतात. म्हणून ताई माझ्या शेजारी लाल रुमाल घेऊन उभ्या राहिल्या. गाडीचे पुढचे चाक खांबाच्या रेषेत आले की रुमाल खाली, आणि कुंदनने तेव्हाच ब्रेक मारायचा.

पहिल्यांदा तो तीसने आला. रुमाल पडला, ब्रेक लागला, गाडी थांबली. टेप धरला. चौदा मीटर. डबा अजून आठ मीटर पुढे जागच्या जागी उभा होता.

मग तो पन्नासने आला. रुमाल पडला. ब्रेक करकरला. गाडी पट्ट्यांवरून गेली, डबा उडून गटारात पडला, आणि गाडी थांबली तेव्हा टेपवर तीस मीटर भरले.

मला वाटले, आता त्यांना कळले.

“ब्रेक मात्र मस्त शेतस भो तुन्हा गाडीना,” टपरीवरचा एक जण म्हणाला. “एक इंच वाकडी नही गयी.”

“कोनता टायर शे?” दुसऱ्याने विचारले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुंदन हसत खाली उतरला. अक्का गटारापाशी गेली, चेपलेला डबा तिने काढला, पदराने पुसला आणि काखेत धरून परत येऊन बसली.

सभा पुन्हा भरली. तोतारामनानांनी चष्मा लावून ठराव वाचला: “वळणावरील जुनी पाटी खांबासह काढून तेथे ताशी पन्नास किलोमीटरची नवी पाटी लावण्यात यावी, अशी विनंती वरच्या कार्यालयास करण्यात येत आहे.”

आणि गोंधळ उडाला. तुम्हाला वाटेल, वेगावरून. नाही. ‘खांबासह’ या शब्दावरून.

“नाना, आबाचा खांब उपटणार?”

“त्या खांबाने माझा ट्रॅक्टर दोनदा पुलावरून पडता पडता वाचवला आहे,” मागून एक शेतकरी म्हणाला.

“कानबाईना सण तोंडवर उना, अन् तुम्ही देव हालाडतस?”

आत्तापर्यंत पन्नास हवे म्हणणारेच आता सर्वांत मोठ्याने ओरडत होते. नाना चष्मा काढून पुसत राहिले. बराच वेळ वेगाचा विषयच कोणी काढला नाही. चौदा मीटर आणि तीस मीटर कोणाच्या डोक्यात उरले नव्हते.

शेवटी अक्का उभी राहिली. काखेत तो डबा तसाच होता. सभेने तिला बोलू दिले, कारण खांब तिच्या नवऱ्याचा.

“खांब लई जा रे भो,” ती म्हणाली. “तुमना आबा त्या खांबम्हा नही शे. मन्ह्या संगे रोज लेकरे येतस. माले तो तीसना आकडा ऱ्हाऊ द्या. बाकी बठ्ठं लई जा.”

तिच्या आवाजाने काही माणसांनी मान खाली घातली. मला आशा वाटली. पण कुंदन उठून तिच्याजवळ गेला आणि त्याने खरोखर प्रेमाने तिचा हात धरला.

“काकू, तू जिवाला लावून घेऊ नको,” तो म्हणाला. “खांबाला कोणी बोट लावणार नाही. मी आहे ना. नाना, लिहा. खांब तोच राहील. फक्त वरचा आकडा बदला.”

सभेने सुटकेचा श्वास सोडला. नानांनी ठरावातील एक शब्द खोडला. “हे चांगलं झालं,” निर्मलकुमारशेठ म्हणाले, “कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही.” हात वर झाले. विरोधात दोन हात होते. मेघाताई गावच्या मतदार नाहीत, म्हणून त्यांचा धरला नाही. राहिला एक.

दोन-तीन महिन्यांत मंजुरी आली. शिडी लावून एक माणूस चढला. त्याने माझ्या तोंडावरचा हार काढला, शेंदूर खरवडला, आणि तीसवर पन्नासचा कागद चिकटवला. बुडबुडे काढण्याची तसदी घेतली नाही. त्या दिवसापासून माझ्या खऱ्या तोंडावर दुसरे तोंड आहे. त्या शनिवारी अक्का आली, तिने वर पाहिले, पदर हातात घेतला आणि न पुसताच गेली.

आता यंदाच्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवसाचे सांगते. बाहेरगावी गेलेले भाऊबंद सणासाठी गावात परतले होते. शनिवार, म्हणून सकाळची शाळा. कुंदन भडगावहून मांडवाचे बांबू आणि झेंडूची पोती घेऊन येत होता. तो घाईत नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण मी ते पाहिले. दंडाचा चटका बसल्यापासून तो काट्यावर नजर ठेवून चालवायचा. पन्नास म्हणजे पन्नास. माझ्या बाजूने जाताना त्याने सवयीने एक हात कपाळाला लावला.

पट्ट्यांवर अक्का होती. मुले पलीकडे पोहोचली होती, शेवटची एक मुलगी तिच्या हाताशी होती. अक्काने हात वर केला. कुंदनने ब्रेक मारला. मुलीला तिने पुढे ढकलले. गाडी पट्ट्यांवरून गेली.

झेंडू रस्ताभर सांडला. अक्काचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, दोन ठिकाणी. मुलीला खरचटलेसुद्धा नव्हते. कुंदन रस्त्यावर बसला होता, जेथे तो आठ वर्षांपूर्वी झोपला होता, जवळजवळ तेथेच.

“काकू, मी पन्नासलाच होतो,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “काकू, देवाशपथ, पन्नासलाच होतो.”

“हाव रे भो,” अक्का म्हणाली. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. “पन्नासलेच व्हता तू.”

पोलीस आले, त्यांनी टेप धरला. खांबापासून गाडीपर्यंत तीस मीटर. वेग मर्यादेत, चालकाने ब्रेक वेळेवर मारला, असे त्यांनी लिहून घेतले. ते खरेच होते. कुंदनने कोणताही नियम मोडला नव्हता.

मला वाटले, आता तरी माझा तीस परत येईल. तुम्हालाही तसेच वाटत असेल. पण संध्याकाळपर्यंत गावात दुसरेच बोलणे सुरू झाले. एवढी गाडी अंगावर आली आणि बाई जिवंत राहिली. पोरीला ओरखडा नाही. हे कोणी केले? खांबाने. आबाने. “आबा पावला,” टपरीवरचा माणूस म्हणाला, आणि कानबाईची मिरवणूक निघाली तेव्हा ती माझ्यापाशी थांबली व पहिली ओवाळणी खांबाला झाली. कुंदन तेथेच सर्वांसमोर नवस बोलला. काकू वाचली, आता काकाला उघड्यावर ठेवणार नाही.

तो त्याने फेडला. गाडी दोन महिने उभी ठेवून स्वतः राबला. आधी चबुतरा झाला. मग चार खांब, वर स्लॅब, स्लॅबला पुढून नक्षीची झालर, त्यावर कळस. आत पांढऱ्या फरशा, दोन दिवे, एक घंटा. तोतारामनानांनी लोखंडी जाळी दिली, शेठांनी फरशी. मी आता छपराखाली आहे. आठ वर्षांत प्रथमच माझ्यावर ऊन पडत नाही.

अक्का वॉकर धरून दारापर्यंत येते. तिचे दार वस्तीच्या टोकाला आहे, तेथून माझे देऊळ दिसते. एकदा कुंदन प्रसाद घेऊन गेला, तेव्हा तिने विचारले, “अन् आकडा?”

“ते पण करू काकू,” तो म्हणाला. “आधी वर्धापनदिन होऊ दे.”

वस्तीतली मुले आता एकमेकांचा हात धरून आपापली जातात. सर्वांत लहान दोघांना घरच्यांनी शाळेत पाठवणे बंद केले आहे. ती मुलगीही त्यांत आहे. मेघाताई सकाळी पट्ट्यांवर येऊन उभ्या राहतात, पण दुपारी त्यांचा वर्ग सुरू असतो.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे. मला नारळाची चव कळत नाही, घंटेने बरे वाटत नाही. माझ्यावर जे लिहिले आहे, ते वाचावे, एवढ्यासाठी मला घडवले होते. तुमच्या गावात अशी एखादी पाटी असेल. तिच्यावर फांदी आली असेल, वाढदिवसाचा फलक आला असेल, हार आला असेल. तो बाजूला करा. पदर नसला तर रुमालाने पुसा. नमस्कार नाही केला तरी चालेल. आणि घरातले कोणी गाडी चालवत असेल, तर मागच्या सीटवरून मोठ्याने तिच्यावरचा आकडा वाचून दाखवा.

मागच्या आठवड्यात मेघाताई सातवीच्या मुलांना घेऊन आल्या. एक मुलगा रस्त्याकडेने पुलाच्या दिशेने चालत गेला. मग तो वळला आणि माझ्याकडे पाहत पावला पावलाने जवळ येऊ लागला. नक्षीची झालर, जाळी, लोंबणारे हार. आकडा वाचता आला की हात वर करायचा, असे ताईंनी त्याला सांगितले होते. त्याने हात वर केला. मुलांनी त्याच्या पायापासून माझ्यापर्यंत टेप धरला.

नऊ मीटर.